दोनशे एकतीस वह्या

शाळेच्या लांबलचक व्हरांड्यातून बाई निघाल्या की वर्गातली मुलं कुजबुजायची, "मालगाडी आली, मालगाडी आली!" नाव अगदीच खोटं नव्हतं. डाव्या हातावर सातवी 'अ'च्या वह्यांचा गठ्ठा, उजव्या खांद्याला पिशवी, पिशवीत सहावी 'क'च्या वह्या, काखेत हजेरीपट आणि मागून दोन मुली, त्यांच्या हातांवर आणखी दोन गठ्ठे. हे नाव बाईंच्या कानावर आलेलं होतं. त्यांना राग आला नाही. चित्रकलेच्या सरांना त्या एवढंच म्हणाल्या, "मालगाडीला निदान सायडिंगला उभं तरी राहायला मिळतं हो."

बाई भाषा शिकवायच्या. तेवीस वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे दोनच वर्ग होते आणि तेव्हा त्या निबंधाखाली शेरा लिहायच्या तो चांगला अर्धं पान भरून. 'तुझी आजी खरंच असं म्हणते का? मला आवडलं.' असलं काही. मुलं घरी जाऊन आधी तो शेरा वाचून दाखवायची. जुने विद्यार्थी कुठे बाजारात भेटले, तर अजूनही म्हणत, "बाई, तुमचे शेरे मी जपून ठेवलेत." बाई हसून मान डोलवायच्या आणि मनात म्हणायच्या, ती बाई कोणी वेगळीच होती.

मग एक सर निवृत्त झाले. त्यांच्या पाठोपाठ एक बाई नवऱ्याच्या बदलीमुळे गेल्या. शिक्षकांच्या खोलीतल्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्या रिकाम्याच राहिल्या. पण खुर्च्या रिकाम्या राहिल्या म्हणून तास रिकामे राहत नाहीत. दोनाचे तीन वर्ग झाले, तिनाचे पाच. पाच वर्गांच्या मिळून दोनशे एकतीस वह्या. वर ग्रंथालय बाईंकडे. कोणी रजेवर असलं की बदलीचा तास बाईंकडे, कारण बाई नाही म्हणत नाहीत अशी त्यांची ख्याती. मुलांची उंची-वजनं संगणकात भरायची ती बाईंनीच, कारण एकदा त्यांनी ती वेळेत भरली होती. वेळेत काम करणं ही किती मोठी चूक असते, हे त्यांना फार उशिरा कळलं.

शिवाय फोन होता. हेडसरांचा निरोप सकाळी पावणेसातला यायचा: 'कालच्या स्वच्छता उपक्रमाचे फोटो अजून अपलोड झालेले नाहीत, कृपया नोंद घ्यावी.' त्याखाली सगळ्या शिक्षकांचे अंगठे. बाई एका हाताने चहा गाळायच्या, दुसऱ्या हाताने अंगठा पाठवायच्या. त्यांचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायचा. मोजून-मापून बोलणारा माणूस. तो एकदा म्हणाला, "तू शिकवतेस कधी?"

"मधल्या वेळात," बाई म्हणाल्या. त्या विनोद करत नव्हत्या.

वह्यांचं काय झालं, तर ते एका दिवसात झालं नाही. आधी शेरा अर्ध्या पानावरून चार ओळींवर आला, मग एका ओळीवर, मग 'छान', 'उत्तम', 'अक्षर सुधार' एवढ्यावर. पुढे शुद्धलेखनाच्या चुकांवर नुसता गोल. पुढे एका पानाला एकच गोल. आणि गेल्या वर्षीपासून बाईंचा हात स्वतःच शिकल्यासारखा झाला. पहिली ओळ बघायची, शेवटची ओळ बघायची, वरपासून खालपर्यंत बरोबरची एक लांबलचक खूण ओढायची, शेरा, सही, तारीख. वीस सेकंद. बारावीतली लेक समोर अभ्यास करत असायची. ती म्हणाली, "आई, तू वह्या तपासतेस की भाजी चिरतेस?" बाई हसल्या, पण तो शब्द बरेच दिवस मनात खुपत राहिला. आपण पाट्या टाकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असून करायचं काय? संध्याकाळी घरी येऊन पाठ टेकली की अंग लाकडासारखं व्हायचं. रविवार वह्यांत जायचा, सोमवारी सकाळी घसा बसलेला असायचा आणि पहिल्या तासाला "बसा" म्हणायलाही जोर लावावा लागायचा.

अशात तपासणी पथक येणार असल्याचं पत्र आलं. शाळेचं धाबं दणाणलं. भिंती पुसून झाल्या, तक्ते चिकटवून झाले. हेडसरांनी फर्मावलं, की प्रत्येकाने आपापल्या वर्गातल्या तीन नीटनेटक्या वह्या काढून ठेवाव्यात, पथकाला दाखवायला. बाईंनी फार विचार केला नाही. सातवी 'अ'मध्ये खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. शांत, तेल लावून घट्ट वेणी घालणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी, हल्ली डोळे जरा सुजलेले असणारी. तिचं अक्षर छापल्यासारखं. बाईंनी तिची वही आधी उचलली.

पथकासमोर ठेवायच्या वहीत एखादी चूक राहून गेली तर पंचाईत, म्हणून रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाईंनी ती वही उघडली आणि कितीतरी महिन्यांनी एक निबंध पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

निबंध होता 'माझा आवडता ऋतू'. 'हिवाळा मला फार आवडतो. हिवाळ्यात सकाळी धुके पडते. लोक उबदार कपडे घालतात.' बाई वाचत गेल्या. 'आई मामाकडे जाऊन आज अकरा दिवस झाले. ती बाळाला घेऊन गेली. माझे वर्ष बुडेल म्हणून मला ठेवले. बाबा रात्रपाळीला गेले की मी दाराला खुर्ची लावते. खुर्चीवर पातेले ठेवते. कोणी दार ढकलले तर पातेले पडेल आणि मला जाग येईल. हिवाळ्यात फळे व भाज्या भरपूर मिळतात. म्हणून हिवाळा हा ऋतूंचा राजा आहे.'

खाली लाल शाईत बाईंचीच सही होती. 'छान. अक्षर सुंदर.'

बाईंना वाटलं आपणच काहीतरी चुकीचं वाचतोय. त्यांनी चष्मा पुसला आणि पान उलटलं. 'वृक्ष आपले मित्र.' सुरुवातीला सावली, प्राणवायू, पक्ष्यांची घरटी. मग मधेच: 'काल पातेले पडले. बाहेर कोणी नव्हते. मी मोरीत जाऊन कडी लावून बसले. उजाडल्यावर बाहेर आले. बाबांना सांगितले नाही.' आणि मग पुन्हा, 'म्हणून प्रत्येकाने एक तरी झाड लावावे.' शेरा: 'छान.'

तिसरा निबंध वर्तमानपत्राच्या महत्त्वावर होता. 'आज भात करपला. बाबा काही बोलले नाहीत, तसाच खाल्ला. ते रागावले असते तर बरे झाले असते.' त्याखाली बाईंनी त्या दिवशी बहुतेक मूड चांगला असल्यामुळे जरा जास्त लिहिलं होतं: 'उत्तम. असेच लिहीत जा.'

नवरा शेजारी पेपर वाचत पडला होता. त्याने मान वर केली तेव्हा बाई वही मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत होत्या. "काय गं, काय झालं?"

बाईंनी वही त्याच्या हातात दिली. त्याने तिन्ही निबंध सावकाश वाचले, सवयीप्रमाणे वही डोळ्यांपासून थोडी लांब धरून. वाचून झाल्यावर त्याने वही मिटून उशाशी ठेवली. मग म्हणाला, "केवढी आहे ही?"

"बारा-तेरा."

"उद्या बोल तिच्याशी."

"काय तोंडाने बोलू?" बाई म्हणाल्या. "अहो, मी खाली 'असेच लिहीत जा' लिहिलंय."

सोमवारी मधल्या सुट्टीत बाईंनी मुलीला ग्रंथालयाच्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे दोन कपाटं, एक टेबल आणि जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या. मुलगी दाराशी उभी राहिली. टेबलावर आपली वही बघून तिला आधी बरं वाटलं असावं, कारण वह्या पथकासाठी निवडल्यात हे सगळ्यांना माहीत होतं.

"बस," बाई म्हणाल्या. "मी तुझे निबंध वाचले."

मुलगी बसता बसता थांबली. "सगळे?"

"सगळे."

"मधलं पण?"

बाईंनी मानेनेच हो म्हटलं. मुलगी एकदम रडायला लागली. पण ते रडणं कोणीतरी विचारपूस केली म्हणून येणारं नव्हतं. चोरी पकडली गेल्यासारखं ते रडणं होतं. "बाई, तुम्ही का वाचलं? तुम्ही वाचत नाही म्हणूनच मी लिहिलं होतं!"

रात्रभर त्या एवढंच समजून चालल्या होत्या, की पोरगी हाका मारत होती आणि आपण ऐकलं नाही. हे तर भलतंच निघालं.

"मी वाचत नाही, हे तुला कसं कळलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"सगळ्यांनाच माहितीय, बाई." मुलीने बाहीने नाक पुसलं. "मागच्या वर्षी एकाने मधे क्रिकेटचा अख्खा स्कोअर लिहिला होता. त्याला तुम्ही 'उत्तम' दिलं होतंत." मग थोड्या वेळाने हळू आवाजात, "बाबा म्हणाले, कोणाला सांगायचं नाही. मी कोणालाच नाही सांगितलं. नुसतं लिहिलं. लिहिलं की झोप लागायची."

खिडकीबाहेर मुलांचा गलका चालू होता. बाईंनी टेबलावरची वही मिटली. त्या म्हणाल्या, "माझं चुकलं, बाळ."

"नाही बाई," मुलगी घाईघाईने म्हणाली, जणू बाईंचीच समजूत काढायची होती. "तुम्हाला खूप काम असतं."

तिने शिवी दिली असती तर बाईंना एवढं लागलं नसतं.

त्या दिवशी दुपारी उंची-वजनाचा अहवाल जायचा होता. शेवटची तारीख होती. तीन वर्गांचे आकडे भरायचे बाकी होते. बाईंनी अर्धवट भरलेला तक्ता तसाच ठेवला आणि चित्रकलेच्या सरांना गाठलं. "माझे शेवटचे दोन तास घ्याल का?"

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. तेवीस वर्षांत बाईंनी स्वतःचा तास कोणाला घ्यायला सांगितला नव्हता, दुसऱ्यांचेच घेतले होते. "घेतो की. मुलांना हत्ती काढायला लावतो. तुम्ही निघा."

मुलीला वर्गातच ठेवून बाई एकट्या तिच्या घरी गेल्या. पत्ता हजेरीपटात होता. दोन मजली जुनी इमारत, जिना अरुंद, वर टोकाची खोली. वडिलांनी दार उघडलं ते नुकतेच झोपेतून उठलेले, गालावर उशीची वळी. एका गोदामावर रात्रपाळीचे पहारेकरी होते ते. शाळेच्या बाई म्हटल्यावर त्यांनी गडबडून शर्टाची बटणं लावली.

"पोरीने काही केलं का?"

"नाही. ती एकटी असते रात्रीची, ते कळलं."

माणसाचा चेहरा आक्रसला. "घरातल्या गोष्टी शाळेत सांगते का ती?"

"तिने सांगितलं नाही. मला कळलं." बाई आत आल्या. खोली एवढीशी, पण लखलखीत. भांडी ओळीने लावलेली. दाराजवळ एक खुर्ची आणि खुर्चीवर एक पातेलं, पालथं. "हे पातेलं इथे कशाला असतं, माहीत आहे तुम्हाला?"

"ते? वाळत ठेवत असेल. सकाळी मी आलो की आधी ते बाजूला केल्याचा आवाज येतो, मग कडी काढते. नेहमीचंच आहे."

बाईंनी त्यांना सांगितलं. आवाज न चढवता, वहीत होतं तेवढंच. मोरीचं सांगितलं तेव्हा तो माणूस उंबरठ्यावरच खाली बसला. मग म्हणाला, "मी रात्रभर दुसऱ्याच्या मालाची राखण करतो, बाई."

बाईंना उपदेश करायचा नव्हता, आणि त्यांना तो अधिकारही वाटत नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, जवळचं कोणी आहे का. होतं. त्याची थोरली बहीण बसने वीस मिनिटांवर राहत होती, मुलं मोठी झालेली, एकटीच. पण बायको रुसून गेलीय हे तिला सांगायची लाज वाटत होती, म्हणून महिनाभर त्याने फोनच केला नव्हता. बाई म्हणाल्या, "आत्ता करा. मी थांबते." तो नंबर शोधायला लागला. तीनदा चुकला. मग पलीकडून आवाज आला आणि तो "अक्का" एवढंच म्हणून थांबला. बाई उठून जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळीच आत्या एक पिशवी घेऊन राहायला आली.

मंगळवारी सकाळी हेडसरांनी बाईंना बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता, कारण शाळेला दोन वर्षं कारकूनही नव्हता आणि ते काम हेडसरच उरकत होते. डोळे सुजलेले. "बाई, काल अहवाल गेला नाही. वरून दोन फोन आले. आणि तुम्ही न सांगता गेलात? तुम्ही?"

बाईंनी काय झालं ते सांगितलं, मुलीचं नाव-गाव न काढता. हेडसर ऐकून घेऊन म्हणाले, "चांगलं केलंत. पण अहवालाचं काय?"

"आज भरते. पण सर, एक सांगायचंय. जे मी वाचलं नाही, त्याच्यावर यापुढे मी सही करणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे एका आठवड्यात एका वर्गाच्या वह्या. पूर्ण वाचून. बाकीच्या तशाच राहतील."

"उद्या पथक येतंय!"

"येऊ दे."

"शेरा तुमच्या नावावर पडेल. तेवीस वर्षांत एक डाग नाही तुमच्यावर."

"डाग आहे, सर," बाई म्हणाल्या. "लाल शाईतला आहे, म्हणून कोणाला दिसला नाही."

हेडसरांनी कपाळ चोळलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त बाईंसारखेच पार मेटाकुटीला आले होते. "लेखी द्या," ते शेवटी म्हणाले.

बाईंनी लेखी दिलं. एकच पान. आठवड्याचे छत्तीस तास, बदलीचे सरासरी पाच, ग्रंथालय, संगणकाचे तक्ते, फोटो. खाली एक हिशेब: एका वहीला फक्त सहा मिनिटं धरली तर दोनशे एकतीस वह्यांना तेवीस तास लागतात, ते तास कुठून आणायचे हे कृपया कळवावे. तक्रारीचा एक शब्द नव्हता. लिहून झाल्यावर 'मिनिटं'चे ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी दोनदा तपासले.

पथक आलं. तीन माणसं, घाईत. त्यातल्या एकाने बाईंच्या वर्गातल्या पाच-सहा वह्या उलटसुलट केल्या, शेवटच्या निबंधाखाली सही नाही हे पाहिलं आणि अहवालात लिहिलं, 'भाषा विषयाच्या वह्या नियमितपणे तपासलेल्या आढळल्या नाहीत.' शेरा बाईंच्या नावावर पडला. पण हेडसरांनी खुलासा पाठवताना बाईंचं ते पान सोबत जोडलं. जोडायलाच हवं होतं असं नाही. गणिताच्या बाई आणि विज्ञानाचे सर, दोघांनी त्याच धर्तीवर आपापलं पान लिहून दिलं. वरून उत्तर आलं नाही.

फार काही बदललं असं म्हणता येणार नाही. ग्रंथालय चित्रकलेच्या सरांकडे गेलं. रिकाम्या दोन खुर्च्या तशाच राहिल्या. फोटोंचे निरोप पावणेसातला येतच राहिले. उलट पालक यायला लागले. "आमच्या मुलाची वही महिनाभर कोरी कशी?" एक गृहस्थ तर तावातावाने म्हणाले, "पूर्वी तुम्ही सगळ्या वह्या तपासायचात!" बाईंनी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं, की पूर्वी मी सगळ्या वह्यांवर सह्या करायचे. गृहस्थ समजले की नाही कोण जाणे, पण निघून गेले.

मुलीची आई दोन महिन्यांनी परत आली. भांडण मिटलं की दमून थांबलं, हे बाईंना कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. आत्या तरीही आठवड्यातून तीन-चार रात्री राहायला यायची. मुलीचे डोळे आता सुजलेले नसायचे, एवढं वर्गात दिसायचं. पण ती बाईंशी पूर्वीइतकीही बोलेनाशी झाली. प्रश्न विचारला की उभी राहायची, उत्तर द्यायची, बसायची, नजर बाकावर. तिच्या निबंधांत आता फक्त निबंध असायचा. बाई प्रत्येक ओळ वाचायच्या, मधली तर दोनदा, आणि कुठेच काही सापडायचं नाही. आपण त्या पोरीची एक जागा मोडली, हे त्यांना कळत होतं. मोडायलाच हवी होती, हेही कळत होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि दमलेल्या माणसाला ते ओझं जरा जास्तच होतं.

वर्ष संपत आलं तेव्हा एका गुरुवारी मधल्या सुट्टीत बाई सहावी 'ब'च्या वह्या घेऊन बसल्या होत्या. सेहेचाळीसपैकी एकोणीस झाल्या होत्या. विसावा निबंध एका धडधाकट पोराचा होता, विषय 'माझा मित्र', आणि इतका कंटाळवाणा, की प्रत्येक वाक्य 'तो' ने सुरू होत होतं. बाईंचे डोळे मिटायला लागले. त्यांनी पाण्याचा हबका मारला, परत बसल्या आणि शेवटपर्यंत वाचला. अकरा चुका निघाल्या. खाली त्यांनी लिहिलं, 'तुझा मित्र तुझ्याशी भांडतो का? त्याबद्दल लिही.'

घंटा झाली. पुढचा तास बदलीचा होता, आठवी 'ड'. बाईंनी उरलेल्या सव्वीस वह्या कपाटात ठेवल्या, टेबलाच्या काठाला धरून उठल्या आणि खडू शोधायला लागल्या.